संगणकाची किंमत आणि संगणकाची सोय

दहावी-बारावीनंतर मुलामुलींच्या शिक्षणासाठी संगणक घेणे आता बहुतेक कुटुंबांना भाग पडते. ज्या घरात तो प्रथमच येतो, तेथे ही खरेदी अनेक महिन्यांच्या बचतीचा प्रश्न असते. कोणी सल्ला देतो, "स्वस्तातला घ्या". कोणी म्हणतो, "एकदाच चांगला घ्या". दोन्ही सल्ल्यांत तथ्य आहे. परंतु किंमत आणि सोय यांचा हिशेब एकत्र मांडल्यावाचून आपल्याला कोणता लागू पडतो हे कळत नाही. तो हिशेब कसा मांडावा, हे सांगणे हाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रथम किंमतीचा विचार करू. दुकानातील आकडा ही पूर्ण किंमत नव्हे. २०१२ साली ब्रिटनमध्ये 'रास्पबेरी पाय' हा तळहातावर मावणारा संगणक ३५ डॉलर किमतीला बाजारात आला. मात्र त्याला मॉनिटर, कीबोर्ड, माउस, अडॅप्टर आणि मेमरी कार्ड स्वतंत्रपणे जोडावे लागे. ज्यांच्याकडे ही सामग्री होती त्यांनाच तो खऱ्या अर्थाने स्वस्त पडला. डेस्कटॉप घेतानाही यूपीएस, टेबल आणि इंटरनेट जोडणी यांचा खर्च आधीच धरला पाहिजे.

दुसरी गोष्ट म्हणजे टिकाऊपणा. समजा, २५,००० रुपयांचा लॅपटॉप ३ वर्षे चालला आणि दुरुस्तीला ५,००० रुपये लागले, तर दरवर्षीचा खर्च १०,००० रुपये होतो. ४२,००० रुपयांचा लॅपटॉप ६ वर्षे चालून त्याच्या बॅटरी-दुरुस्तीला ६,००० रुपये लागले, तर तोच खर्च ८,००० रुपयांवर येतो. म्हणजे महाग वस्तू स्वस्त पडली. पण एकरकमी ४२,००० रुपये ज्याच्या हाती नाहीत, त्याला हा फायदा घेता येत नाही. हप्त्यांनी घेतल्यास व्याजाची भर पडते. म्हणून कमी किमतीची वस्तू निवडणाऱ्या पालकांना अदूरदर्शी म्हणणे न्याय्य नव्हे.

अशा कुटुंबांसाठी मध्यम मार्ग आहे. कार्यालयांनी काही वर्षे वापरून काढलेले, तपासून दुरुस्त केलेले लॅपटॉप बाजारात मिळतात. तो २०,००० रुपयांना मिळाला, नव्या बॅटरीला ४,००० रुपये लागले आणि ३ वर्षे चालला, तरी वार्षिक खर्च ८,००० रुपयेच येतो. मात्र पक्की पावती, लेखी हमी, बॅटरीची स्थिती आणि एसएसडी आहे की नाही हे पाहिल्याखेरीज पैसे देऊ नयेत. जुन्या हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसविल्यास संगणकाच्या वेगात ठळक फरक पडतो. विंडोज १० ची नियमित सुरक्षा-अद्यतने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली आणि अनेक जुन्या यंत्रांवर विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही. हेही विचारून घ्यावे.

आता सोयीचा विचार. वसतिगृहात राहणाऱ्या विद्यार्थ्याला लॅपटॉपच सोयीचा. वीज गेली तरी त्याचे काम थांबत नाही. एकाच घरात दोन-तीन भावंडे शिकत असतील, तर डेस्कटॉप बरा. त्याचे बिघडलेले भाग सुटे बदलता येतात. विजेचा फरक मात्र आहे: डेस्कटॉपला सुमारे १०० वॅट आणि लॅपटॉपला ४० वॅट धरले, तर रोज ४ तासांच्या वापरात वर्षाला सुमारे ८८ युनिट जास्त लागतात.

सॉफ्टवेअरच्या बाबतीतही हेच तत्त्व आहे. उबंटूसारखी लिनक्स प्रणाली आणि लिबरऑफिस ही दोन्ही विनामूल्य असून त्यांत मराठी टंकलेखन करता येते. लेखन, वाचन, इंटरनेट आणि प्रोग्रामिंग शिकण्यास ती पुरेशी आहेत. परंतु वाणिज्य शाखेचा टॅली किंवा अभियांत्रिकीचा ऑटोकॅड शिकायचा असेल, तर विंडोजसाठीचा खर्च अनाठायी ठरत नाही. महाविद्यालयात कोणती सॉफ्टवेअर लागतात, हे खरेदीपूर्वीच विचारावे.

सारांश, जी सोय रोज लागते तिच्यासाठी पैसे द्यावेत; जी वर्षातून दोनदा लागेल ती मित्राकडून किंवा संगणक केंद्रातून भागवावी. दुकानात जाण्यापूर्वी मुलांसह बसून तीन गोष्टी कागदावर लिहाव्यात: काम कोणते, वापर किती वर्षे आणि एकूण रक्कम किती. ज्यांच्यासाठी संगणक घ्यायचा त्यांना या हिशेबात सहभागी करून घेतले, तर घरच्या कष्टाच्या पैशाचे मोल त्यांना कळते आणि यंत्रही जपून वापरले जाते. आपल्या माजी विद्यार्थ्यांपैकी जे या क्षेत्रात नोकरी-व्यवसाय करतात, त्यांनी अशा पालकांबरोबर एकदा दुकानापर्यंत जावे. एवढे साहाय्यदेखील एखाद्या कुटुंबाची बचत वाया जाण्यापासून वाचवील.