सूर्याचा किरीट : ग्रहणाच्या पाठास एक जोड



ग्रहणाचा पाठ शिकविताना आपण बहुधा चंद्राच्या सावलीपाशी थांबतो. त्या सावलीत उभे राहणाऱ्यास काय दिसते, हेही विद्यार्थ्यांस सांगावे. खग्रास ग्रहणात सूर्यबिंब पूर्ण झाकले जाताच त्याच्याभोवती मोतिया रंगाची प्रभा फाकते. हे सूर्याचे बाह्य वातावरण होय. त्यास किरीट किंवा कोरोना म्हणतात. तो नित्य असतोच. परंतु त्याचे तेज बिंबाच्या तेजाच्या सुमारे दशलक्षांश असल्याने एरवी दिसत नाही.

हे वर्गात दाखविणे सोपे आहे. अंधाऱ्या खोलीत दिव्यामागे उदबत्ती लावावी. ज्योतीकडे पाहताना धूर नीट दिसत नाही; नाणे डोळ्यासमोर धरून ज्योत झाकली की तो उजळलेला दिसतो. नाणे म्हणजे चंद्र, असे मुले आपण होऊनच सांगतील.

२२ जानेवारी १८९८ रोजी खग्रास ग्रहणाचा पट्टा आपल्या प्रदेशावरून गेला. सोलापूर जिल्ह्यातील जेऊर येथे पुण्याचे प्राध्यापक कावसजी नायगमवाला यांनी, तर कोकणात विजयदुर्ग येथे सर नॉर्मन लॉकियर यांनी दुर्बिणी उभारल्या. एवढी सिद्धता जेमतेम दोन मिनिटांसाठी होती!

अशा मिनिटांतूनच ज्ञान वाढले. १८६९ च्या ग्रहणात किरीटाच्या वर्णपटात एक अनोळखी हिरवी रेषा आढळली. ती नव्या मूलद्रव्याची समजून त्यास 'कोरोनियम' हे नावही देण्यात आले. सुमारे सत्तर वर्षांनी उलगडा झाला, की ती अतितप्त लोखंडाची आहे. सूर्याच्या पृष्ठभागाचे तापमान सुमारे ५,५०० अंश सेल्सिअस, तर किरीटाचे दहा लाख अंशांहून अधिक! असे का, याचे पूर्ण उत्तर शास्त्रज्ञ अद्याप शोधीत आहेत. भारताने २०२३ मध्ये सोडलेल्या आदित्य-एल१ यानात, बिंब झाकून किरीट पाहणारे उपकरण आहे.

एक गोष्ट मात्र निक्षून सांगावी. खंडग्रास वा कंकणाकृती ग्रहणात किरीट दिसत नाही, आणि त्या वेळी सूर्याकडे नुसत्या डोळ्यांनी पाहिल्यास दृष्टी कायमची अधू होऊ शकते. काजळी धरलेली काच किंवा क्ष-किरणांची फिल्मही वापरू नये. पुठ्ठ्यास बारीक छिद्र पाडून, सूर्याकडे पाठ करून, पांढऱ्या कागदावर प्रतिमा पाडावी. ग्रहणाच्या भयाने मुलांना घरात कोंडणे जसे अनुचित, तसेच त्यांना डोळ्यांच्या रक्षणाची सोय न करता अंगणात सोडणेही अनुचित. या दोहोंमधील वाट दाखविणे हे शिक्षकाचे काम आहे.