दुसरं एमएस करू नका

मे महिन्यात माझ्याकडे दोन प्रकारचे फोन येतात. पहिले दहावी-बारावीच्या पालकांचे, ते मोठ्या आवाजात बोलतात. दुसऱ्या प्रकारचे पालक हळू बोलतात, बहुधा शेजारच्या खोलीत ऐकू जाऊ नये म्हणून. "सर, मुलाचं अमेरिकेतलं एमएस डिसेंबरात झालं. नोकरी नाही. नव्वद दिवस संपत आलेत. एक कन्सल्टन्सी म्हणते, दुसऱ्या युनिव्हर्सिटीत आणखी एक एमएस घ्या, पहिल्या दिवसापासून काम करता येईल. घेऊ का?"

नको. उत्तर आधी दिलं, आता कारणं ऐका.

एफ-१ व्हिसावरच्या विद्यार्थ्याला पदवीनंतर ओपीटी या तात्पुरत्या काम-परवानगीखाली १२ महिने काम करता येतं. विषय 'स्टेम'मधला (विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, गणित) असेल तर आणखी २४ महिने. पण १२ महिन्यांची ही सवलत शिक्षणाच्या एका पातळीला एकदाच मिळते. मास्टर्सची एकदा वापरली की दुसऱ्या मास्टर्सवर ती पुन्हा मिळत नाही. शिवाय नव्या कोर्सला नाव घातलं की चालू ओपीटी तिथेच संपते. मग हाती उरते ती फक्त सीपीटी, म्हणजे अभ्यासक्रमाचा भाग म्हणून करायचं काम. 'डे-वन सीपीटी' या नावाने तीच विकली जाते: महिन्यातून एखाद्या शनिवार-रविवारी वर्ग, दर सत्राला फी आणि सोमवारपासून नोकरी.

अशी सगळीच विद्यापीठं बोगस नसतात. खरी पंचाईत पुढे होते. एच-१बी या नोकरीच्या व्हिसासाठी अर्ज जातो तेव्हा अधिकारी विचारू शकतो: त्याच पातळीची दुसरी पदवी कशासाठी? ही नोकरी अभ्यासक्रमाचा भाग कशी? वर्गाला हजर होतास का? उत्तरं पटली नाहीत तर अमेरिकेत राहून व्हिसाचा दर्जा बदलून मिळत नाही, बाहेर जावं लागतं. आणि सप्टेंबर २०२५च्या आदेशाने बाहेरच्या उमेदवारासाठी नवा एच-१बी मागणाऱ्या कंपनीवर एक लाख डॉलरचं शुल्क आलं. नवख्या पोरासाठी ते कोण भरणार?

आणि काही ठिकाणी तर विद्यापीठच बोगस निघालं आहे. २०११ साली कॅलिफोर्नियातल्या ट्राय-व्हॅली युनिव्हर्सिटीवर धाड पडली, तेव्हा काही भारतीय विद्यार्थ्यांच्या पायात इलेक्ट्रॉनिक पट्टे अडकवले गेले. २०१९ साली मिशिगनमधली 'युनिव्हर्सिटी ऑफ फार्मिंग्टन' उघडी पडली. ती अमेरिकी सरकारनेच सापळा म्हणून उभी केली होती. ना वर्ग, ना प्राध्यापक. अटक झालेल्यांत बहुतेक भारतीय होते. 'आम्हाला माहीत नव्हतं' हा बचाव फारसा चालला नाही.

तीच गोष्ट बायोडेटात पाच वर्षांचा खोटा अनुभव घालून देणाऱ्यांची, आणि कागदोपत्री नोकरी दाखवून बेकारीच्या नव्वद दिवसांचं घड्याळ थांबवणाऱ्यांची. पैसे घेऊन ते मोकळे होतात. खोटी माहिती मुलाच्या नावावर राहते, आणि ती सापडली तर अमेरिकेचं दार कायमचं बंद होऊ शकतं.

आता घड्याळाबद्दल. पालक पदवीदान समारंभाच्या तारखेवर विमानाची तिकिटं काढतात आणि तीच तारीख धरून बसतात. कायद्याला काळ्या गाऊनचं काही पडलेलं नाही. विद्यापीठाने दिलेल्या आय-२० या कागदावर अभ्यासक्रम संपण्याची जी तारीख असते ती खरी. तिच्याआधी ९० दिवसांपासून ते नंतर ६० दिवसांपर्यंत ओपीटीचा अर्ज करता येतो. काम सुरू करण्याची तारीखही या नंतरच्या ६० दिवसांतली, आपणच निवडायची. बेकार राहता येणारे ९० दिवस मोजले जातात ते कामाच्या परवान्याच्या कार्डावर छापलेल्या त्या तारखेपासून. नोकरी हातात नसताना सर्वांत लवकरची तारीख मागणं म्हणजे स्वतःचेच दिवस कापून घेणं.

दुसरी गोष्ट, पहिल्या १२ महिन्यांत विषयाशी संबंधित काम आठवड्याला किमान २० तास केलं की ते नोकरीत धरलं जातं. कामगार कायद्यात बसत असेल तर बिनपगारीसुद्धा. म्हणून पहिला फोन कन्सल्टन्सीला न करता आपल्या प्राध्यापकाला करावा. त्यांच्या प्रयोगशाळेत २० तासांचं खरं काम मिळालं तर घड्याळ थांबतं, आणि शिफारसपत्र खऱ्या माणसाचं मिळतं.

इथूनच मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा रस्ता सुरू होतो. आपली मुलं अर्ज करतात ते गूगल, अॅमेझॉन आणि त्यांच्या आसपासच्या कंपन्यांना. या कंपन्यांसाठी एच-१बीची वर्षाची मर्यादा ६५,००० आणि अमेरिकेत मास्टर्स केलेल्यांसाठी आणखी २०,०००. मार्चमध्ये नोंदणी, मग सोडत. २०२६च्या हंगामापासून या सोडतीत जास्त पगाराच्या पातळीला जास्त संधी आहे. म्हणजे नवख्यांची बाजू आणखी पडती.

पण विद्यापीठं, त्यांच्याशी संलग्न ना-नफा रुग्णालयं आणि ना-नफा संशोधन संस्था यांना ही मर्यादाच लागू नाही. सोडत नाही, मार्चची वाट पाहणं नाही, वर्षभर कधीही अर्ज करता येतो. वैद्यकीय महाविद्यालयांना डेटा विश्लेषक लागतात, प्रयोगशाळांना सॉफ्टवेअर लिहिणारे लागतात, जीवसांख्यिकी जाणणारे लागतात. या जागा विद्यापीठाच्या स्वतःच्या नोकरीच्या पानावर असतात, आणि आपली मुलं ते पान उघडतच नाहीत. पगार कमी असतो, हे खरं. काही विद्यापीठं पहिल्या दिवशी एच-१बीची हमी देत नाहीत, म्हणून मुलाखतीतच विचारायचं. पुढे खासगी कंपनीत जायचं तर सोडतीला सामोरं जावंच लागतं. तरीही दुसऱ्या एमएसची फी भरण्यापेक्षा पगार घेऊन संशोधनात नाव लावणं केव्हाही शहाणपणाचं.

इतर देशांचं थोडक्यात. जर्मनीत पदवीनंतर नोकरी शोधायला १८ महिने मिळतात, पण जर्मन भाषा न शिकता गेलात तर ते भरभर संपतात. ब्रिटनमध्ये सध्याची दोन वर्षं १ जानेवारी २०२७पासूनच्या अर्जांना १८ महिने होतील. कॅनडात मास्टर्सनंतर तीन वर्षांपर्यंतचा परवाना मिळू शकतो. सल्ला सगळीकडे एकच: शेवटच्या सत्रात नव्हे, पहिल्या सत्रात शोधाला लागा.

आता आई-बाबा, तुमच्याशी. मुलं दुसऱ्या एमएसकडे वळतात त्यातल्या निम्म्या वेळा मला त्यामागे तुमचा आवाज ऐकू येतो. "काहीही कर, पण परत येऊ नकोस." कारण फ्लॅट तारण आहे, कारण मामेभाऊ तिकडे स्थिरावलाय, कारण स्थळं 'यूएस'वाला म्हणून आलीत. 'काहीही कर' याचा अर्थ एकविसाव्या-बाविसाव्या वर्षी घर सोडलेलं मूल शब्दशः घेतं. मग त्या 'काहीही'त खोटा बायोडेटाही येतो.

कर्जाचा आकडा कागदावर मांडा. ४० लाख, ११ टक्के, १० वर्षं: हप्ता साधारण ५५ हजार. शिक्षणाच्या काळातलं व्याज वेगळं. मुदत १५ वर्षं केली तर तोच हप्ता साडेपंचेचाळीस हजारांच्या आसपास येतो. पुण्या-बंगळुरूच्या पगारात हे ओढाताणीचं आहे, अशक्य नाही. मुदत वाढवण्याचं बँकेशी आजच बोला, पहिला हप्ता चुकल्यावर नको. दुसऱ्या एमएसने हे कर्ज फिटत नाही, त्यावर आणखी काही लाख चढतात.

आज रात्री मुलाला फोन लावाल तेव्हा 'नोकरीचं काय झालं' हे विचारू नका. ते तो रोज स्वतःला विचारतोच आहे. त्याला सांगा, नव्वदाव्या दिवसापर्यंत प्रामाणिकपणे शोध, नाही जमलं तर तिकिटाचे पैसे आम्ही पाठवतो. आणि हे खरंच पाठवणार असाल तरच बोला.