मोतीला निरोप कधी द्यायचा?

प्रश्न : आमचा लॅब्रॅडॉर मोती १४ वर्षांचा आहे. मागचे पाय धरत नाहीत, जागेवरच लघवी होते. आई म्हणते, देव नेईल तेव्हा नेईल. काय करावं?
– एक वाचक, पंतनगर, घाटकोपर

उत्तर : नुसत्या वयावर हा निर्णय घेऊ नका. सांधेदुखीवर औषध सुरू नसेल, तर आधी ते डॉक्टरांना विचारा. अमेरिकी पशुवैद्य ॲलिस विलालोबोस यांच्या मोजपट्टीत वेदना, भूक, पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल आणि चांगल्या दिवसांचं पारडं या सात गोष्टींना दहापैकी गुण देतात. बेरीज ३५च्या वर असेल, तर सांभाळत राहावं. कुत्री दुखणं लपवतात. रात्री धापा टाकणं, सारखी कूस बदलणं, एकच जागा चाटत राहणं, हे त्यांचं कण्हणंच. श्वास कोंडत असेल, तर मात्र गुण मोजत बसू नका, तडक डॉक्टर गाठा.

निरोप द्यायची वेळ आलीच, तर तो कसा देतात ते आईंना समजावून सांगा : आधी गुंगीचं इंजेक्शन, मग भुलीच्या औषधाचा मोठा डोस. त्याला झोप लागते, तेवढंच कळतं. डोळे उघडेच राहतात, त्याने घाबरू नका. महापालिकेची पाळीव प्राण्यांसाठीची दहनभट्टी मालाडला आहे. चौकशी आधीच करून ठेवा. आणि इंजेक्शनच्या वेळी खोलीबाहेर जाऊ नका. हात त्याच्या डोक्यावर ठेवा, नेहमीच्या आवाजात बोलत राहा.