घरचा जनरेटर : घेण्याआधी हिशेब, लावताना खबरदारी

डहाणूचे औष्णिक वीज केंद्र १९९५ साली सुरू झाले. तेथे २५० मेगावॅटचे दोन संच आहेत. पण ती वीज मुंबईच्या उपनगरांसाठी जाते. डहाणू-तलासरीच्या घरांत वीज येते ती महावितरणच्या तारांवरून. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ किनाऱ्याजवळून गेले तेव्हा पालघर जिल्ह्यातील वीजपुरवठा कोलमडला होता. आपल्याकडे अनेकांचे घर आणि कारखाना एकाच छपराखाली असतो. कोणी शिलाई करतो, चिंचणीकडे कोणी दागिन्यांच्या डाया बनवतो. वीज गेली की घर आणि रोजी दोन्ही थांबतात. म्हणून जनरेटर घ्यावासा वाटतो. दुकानात गेल्यावर पहिला प्रश्न किमतीचा विचारला जातो. आमच्या मते तो शेवटी विचारावा.

गरज आहे काय?

फक्त दिवे-पंखेच चालवायचे असतील तर जनरेटर घेऊ नये. १५० अँपिअर-अवरच्या एका चांगल्या बॅटरीवर चार पंखे आणि पाच दिवे साधारण तीन तास चालतात. मोटार, फ्रिज, शिलाईची यंत्रे चालवायची असतील किंवा वीज दिवसदिवस जात असेल, तरच जनरेटरचा विचार करावा. डिझेल जनरेटर लिटरमागे सुमारे ३ युनिट देतो. डिझेल ९० रुपये धरले तर एक युनिट ३० रुपयांना पडते, आणि मशीनची किंमत त्यात धरलेली नाही. तेवढ्या वेळात होणाऱ्या कामातून हा खर्च निघतो का, ते कागदावर मांडून पाहावे.

किती मोठा घ्यावा?

जनरेटरवर केव्हीए लिहिलेले असते. त्याला ०.८ ने गुणले की किलोवॅट मिळतात. म्हणजे ५ केव्हीएचा जनरेटर ४,००० वॅट देतो. आता एका घराचा हिशेब पाहू. दिवे ५०, चार पंखे ३००, फ्रिज २००, शिलाईच्या दोन मोटारी ८०० आणि एक हॉर्सपॉवरचा पंप ११०० वॅट. एकूण २,४५० वॅट. वरवर पाहता ५ केव्हीए भरपूर वाटतो. परंतु मोटार सुरू होताना क्षणभर तिप्पट किंवा त्याहून जास्त वीज ओढते. बाकी सर्व चालू असताना पंप लावला तर भार ४,६५० वॅटवर जातो आणि जनरेटर गुदमरतो. तोच पंप सर्वांत आधी लावला आणि बाकीचे एकेक करून जोडले तर ५ केव्हीएत काम भागते. क्रम पाळला तर मोठ्या मशीनचे पैसे वाचतात. मात्र गरजेपेक्षा फार मोठा जनरेटरही घेऊ नये. कमी भारावर डिझेल इंजिनात काजळी धरते आणि तेलही वाया जाते.

चेंजओव्हर स्विच

काही लोक दोन्ही टोकांना प्लग लावलेली वायर करून जनरेटर घरातल्या सॉकेटला जोडतात. हे कधीही करू नये. मेन स्विच चालू राहिला तर वीज उलटी ट्रान्सफॉर्मरकडे जाते आणि तेथे तिचा दाब ११,००० व्होल्टपर्यंत चढू शकतो. लाइन बंद आहे असे समजून खांबावर चढलेल्या वायरमनचा त्यात जीव जाईल. म्हणून फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा चेंजओव्हर स्विच हवाच. तो परवानाधारक इलेक्ट्रिकल ठेकेदाराकडूनच बसवून घ्यावा. जनरेटरला अर्थिंगही नीट करून घ्यावे.

जागा

इंजिनाच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइड वायूला ना वास, ना रंग. बंद खोलीत तो झोपलेल्या माणसांचा जीव घेतो. त्यामुळे जनरेटर स्वयंपाकघरात, ओटीवर किंवा बंद पडवीत ठेवू नये. लहान मशीन दारे-खिडक्यांपासून २० फूट दूर, उघड्यावर पण पावसापासून आडोशाला ठेवावी. मोठ्या मशीनचा धूर पाइपने छपराच्या वर न्यावा. त्याचे तोंड शेजाऱ्याच्या खिडकीकडे नको. आपला उजेड शेजाऱ्याचा त्रास होऊ नये. ध्वनिरोधक पेटीतला डिझेल संच घ्यावा. १ मीटर अंतरावर त्याच्या आवाजाची मर्यादा ७५ डेसिबल आहे. १ जुलै २०२३ पासून नव्या जनरेटरना धुराचे अधिक कडक नियम लागू झाले आहेत. जुना संच स्वस्तात मिळत असला तरी त्याचे कागद आधी पाहावेत.

धुंदलवाडीच्या बाजूला नोव्हेंबर २०१८ पासून भूकंपाचे धक्के बसत आले आहेत. त्या भागात डिझेल संच काँक्रीटच्या ओट्यावर, खाली रबरी पॅड देऊन, बोल्टने पक्का बसवावा. भेगा पडलेल्या भिंतीला टेकून ठेवू नये. डिझेलचा डबा फळीवर न ठेवता जमिनीवर, इंजिनापासून दूर ठेवावा. बोर्डी-चिंचणीच्या खाऱ्या हवेत पत्रा आणि वायरीची टोके लवकर गंजतात. ती वारंवार तपासावीत.

देखभाल

महिन्यातून एकदा भार देऊन जनरेटर पंधरा-वीस मिनिटे चालवावा. ऑइल आणि बॅटरी मे महिन्यातच पाहून घ्यावी. इंजिन गरम असताना पेट्रोल-डिझेल भरू नये.

जनरेटरच्या किमतीबरोबर स्विच, वायर, अर्थिंग, ओटा आणि पाइप यांचेही पैसे बाजूला काढावेत. मशीन घेतली आणि यांत काटकसर केली, तर वाचलेले पैसे अतिशय महाग पडतात.