भुतं जरा बेतानंच!

ऑक्टोबर उजाडला की न्यू जर्सीतल्या आमच्या गल्लीत दारोदारी सांगाडे लटकायला लागतात. ज्यांच्या लेकरांचे वाढदिवस याच दिवसांत येतात, त्यांच्या घरी हॅलोविनचीच पार्टी ठरते. करा की! फक्त टेबल मांडण्याआधी माझी फजिती ऐका.

लेकीच्या सहाव्या वाढदिवसाला मी टेबलाच्या मधोमध सुक्या फांद्यांचं झाड उभं केलं. त्यावर वटवाघळं टांगली, वेफर्सच्या वाडग्यातून हाडांचा पंजा वर काढला. फोटो झकास आले. पण मुलांना समोरचं कोणी दिसेना, ताटल्यांना जागा उरेना. तिच्या एका मैत्रिणीचा चार वर्षांचा भाऊ तो पंजा बघून दारात जो थबकला, तो आत आलाच नाही. त्याला केक मी जिन्यात बसून भरवला.

तेव्हापासून मांडामांड झाली की मी लेकीच्या खुर्चीत बसून टेबल बघते. सगळ्यात धाकटा पाहुणा कोण, हे आधी विचारते आणि त्याला सोसेल एवढंच भूत ठेवते. मधोमध काही उंच नाही. टेबलभर खाकी कागद, मेपलची गळलेली पानं, इथे या दिवसांत दुकानांबाहेर रांगेनं मांडलेल्या शेवंतीची एखादी बुटकी कुंडी. कागदावर खडू टाकले की कोळी आणि जाळी मुलंच काढतात, आणि ती आपल्यापेक्षा फार बरी काढतात!

पेटत्या मेणबत्त्या मात्र नकोत. झुळझुळीत झगे आणि पंख लावलेली दहा मुलं टेबलावर वाकणार असतात, आणि जाळं म्हणून ताणलेला कापूस तर भुर्रकन पेटतो. बॅटरीच्या पणत्या पुरतात. धुरासाठी ड्राय आइसचा मोह मीही आवरला. तो उणे ७८ अंशांचा असतो, नुसत्या बोटालाही चटका देतो. त्याचा तुकडा सरबतातून पोटात गेला तर काय? ‘डोळे’ म्हणून द्राक्षं मांडणार असाल, तर लहानग्यांसाठी ती उभी चिरा, अख्खं द्राक्ष घशात अडकतं. आणि निमंत्रणातच कुणाला शेंगदाणा, दूध, अंडं चालत नाही ते विचारून ठेवा.

आता भोपळा. आयर्लंड-स्कॉटलंडात पूर्वी हॅलोविनला सलगम कोरायचे; तिथली माणसं अमेरिकेत आली आणि त्यांना हे गरगरीत, कोरायला सोपं फळ मिळालं. पण कोरलेला भोपळा उबदार घरात चार-पाच दिवसांत बसतो, त्याला बुरशी धरते. म्हणून टेबलासाठी मी छोटे, गोड जातीचे भोपळे अख्खेच आणते. प्रत्येक मुलाला एक आणि एक मार्कर. जो तो आपापल्या भोपळ्यावर चेहरा काढतो आणि पार्टी संपली की तो घरी नेतो. उरलेल्यांचे दुसऱ्या दिवशी गूळ घालून घारगे. (साल काढायला विसरू नका, मार्कर असतो!)

लेकीनं गेल्या वर्षी काढलेल्या चेहऱ्याला पुढचे दोन दात नव्हते, तिच्यासारखेच. त्याचे घारगे करायचे नाहीत, असं तिनं बजावलं. तो पायरीवर ठेवला आणि नोव्हेंबरभर खारी त्याला कुरतडत राहिल्या. आधी डोळा गेला, मग हसू.