आधीं माप, मग वीण

आमच्या शाळेंतील मुलींच्या, आणि आतां कांहीं मुलांच्याही, हातांत मधल्या सुटींत विणकामाच्या सुया दिसूं लागल्या आहेत, हें पाहून आम्हांस फार समाधान वाटतें. परंतु जवळ जाऊन पाहिलें असतां असें आढळतें कीं, बहुतेक जण छापील नमुना समोर ठेवून त्यांतील आंकडे जसेच्या तसे सुयांवर उतरवीत असतात. नमुन्यांत १२० टाके सांगितले म्हणून १२० घातले. ते १२० कां, असें विचारलें तर उत्तर नाहीं. दुसऱ्यानें आंखलेलें विणणें वाईट नव्हे. शिकण्याचा आरंभ तेथूनच होतो. तथापि आपल्या घरासाठीं, आपल्या माणसासाठीं एखादी वस्तू मनांत योजावी आणि ती सुयांवर उतरवावी, यांत जो आनंद आहे तो निराळाच. तो मिळविण्यास विशेष प्रतिभा लागते असें नाहीं. एक मोजपट्टी, एक वही आणि वर्गांत शिकविलेलें थोडेंसें गणित एवढें पुरें होतें. तें कसें, हें या लेखांत सांगण्याचा आमचा विचार आहे.

प्रथम एका शब्दाचा घोळ दूर करूं. ‘विणणें’ हा शब्द आपण दोन निराळ्या क्रियांस लावतों. काश्मीरची प्रसिद्ध शाल किंवा आपल्याकडील घोंगडी मागावर विणली जाते; तींत उभे व आडवे असे दोन धागे एकमेकांस छेदून जातात. दख्खनी मेंढ्यांच्या लोकरीच्या धाग्यास चिंचोक्यांची खळ देऊन मागावर घोंगडी विणतात, हें तुमच्यापैकीं कित्येकांनीं पाहिलें असेल. सुयांवरील विणकामांत मात्र एकच धागा असतो. त्याचा एक फांस दुसऱ्या फांसांतून ओढून काढावयाचा, एवढीच काय ती क्रिया. म्हणूनच हें कापड ताणलें तर वाढतें, आणि शेवटचें टोंक सोडवून ओढलें तर सर्व उसवून पुन्हां लोकरच हातांत येते. या दोन गुणांवर आंखणीचें सर्व शास्त्र उभें आहे. कापड ताणतें म्हणून मापाची काळजी घ्यावी लागते, आणि तें उसवतां येतें म्हणून चुकीची भीति बाळगावयास नको.

आतां मापाची गोष्ट. समजा, तुम्हांस एक शाल विणावयाची आहे. लोकर आणिली, ८ नंबरच्या म्हणजे ४ मिलिमीटर जाडीच्या सुया घेतल्या. लगेच शालीचे टाके घालूं नका. प्रथम ३० टाके घाला आणि सर्व ओळी सुलट टाक्यांनीं विणीत ६० ओळींचा एक लहान तुकडा करा. शाल जशी धुणार तसाच तो धुवा, पंचावर सपाट पसरून वाळवा, आणि मग मधल्या भागांतील ४ इंचांत किती टाके भरतात तें मोजा. कडेचे टाके मोजूं नयेत. ते सैल किंवा ओढलेले असतात. धुण्यापूर्वींही मोजूं नये, कारण पाण्यानें लोकर आपला खरा स्वभाव दाखविते. ४ इंचांत २० टाके भरले, तर एका इंचास ५ टाके हा तुमच्या हाताचा, तुमच्या सुयांचा आणि त्या लोकरीचा आंकडा झाला. शेजारच्या मुलीचा हात सैल असेल तर तीच लोकर व त्याच सुया घेऊनही तिचा आंकडा साडेचार येईल. तुम्ही म्हणाल, अर्ध्या टाक्यानें असा कोणता फरक पडतो? ३०० टाक्यांची कड पांचाच्या हिशेबानें ६० इंच होते. साडेचाराच्या हिशेबानें ती ६६ इंचांच्याही पुढें जाते, आणि त्या मानानें लोकरही अधिक खाते.

सर्व ओळी सुलट विणल्या असतां कापडावर आडवे उंचवटे दिसतात. दोन ओळी मिळून एक उंचवटा होतो, आणि एका उंचवट्याची उंची जवळ जवळ एका टाक्याच्या रुंदीइतकी भरते. हा या विणीचा मोठाच उपकार आहे, कारण तीमुळें भूमितीच्या आकृत्या सुयांवर सहज उतरतात. ३ टाक्यांपासून आरंभ करून प्रत्येक ओळीच्या आरंभीं एक टाका वाढवीत गेलें, तर एका उंचवट्यामागें दोन टाके वाढतात. म्हणजे जितकी उंची त्याच्या दुप्पट रुंदी, असा काटकोन त्रिकोण आपोआप तयार होतो. पाठीवर ३० इंच खोल येणारी त्रिकोणी शाल पाहिजे असेल, तर इंचास ५ या मानानें १५० उंचवटे म्हणजे ३०० ओळी विणाव्या लागतील, आणि शेवटीं सुईवर सुमारें ३०० टाके म्हणजे ६० इंचांची वरची कड असेल. पाहा, एकही छापील नमुना न उघडतां शालीची आंखणी झाली.

परंतु आंखणी येथेंच संपते असें समजून आम्हीं एकदां जी चूक केली, ती सांगितल्याशिवाय हा पाठ पुरा होणार नाहीं. कॉलेजांत असतां आमच्या मातोश्रींसाठीं आम्हीं अशीच एक शाल आरंभिली. डिसेंबरांत त्यांना पहांटेचा गारठा सोसत नसे, म्हणून सुटींत घरीं जातांना ती बरोबर न्यावयाची होती. ४०० ग्रॅम लोकर, ३० इंच खोली. १५ इंच विणून झाल्यावर तराजूंत घालून पाहिलें, तों केवळ १०० ग्रॅम लोकर खर्च झालेली. अर्धी शाल १०० ग्रॅमांत झाली, तर उरलेल्या अर्ध्या शालीस आणखी १०० पुरे, असा सरळ हिशेब आम्हीं केला. सावधगिरी म्हणून ५० ग्रॅम अधिक ठेवले, आणि बाकीच्या १५० ग्रॅमांत भाच्यासाठीं स्वेटर विणून मोठ्या ऐटीनें पाठवून दिला. पुढें २३ इंच होऊन चोविसावा चालू असतां लोकर संपली. दुकानांत धांव घेतली. त्याच रंगाची लोकर मिळाली, पण ती निराळ्या वेळीं रंगविलेली होती. दिव्याच्या उजेडांत ती सारखी दिसली. सकाळच्या उन्हांत मात्र वरचा सहा इंचांचा पट्टा स्पष्ट पिंवळट दिसूं लागला. आम्ही उसवावयास बसलों तेव्हां मातोश्री म्हणाल्या, “आतां उसवूं नको. थंडीला रंग कळत नाहीं.” त्यांनीं ती शाल पुष्कळ हिवाळे पांघरली. प्रत्येक हिवाळ्यांत तो पट्टा आम्हांस मात्र कळत होता.

चूक कोठें झाली? विद्यार्थ्यांनो, हें तुम्ही दहावीच्या वर्गांत शिकतां. समरूप त्रिकोणांच्या क्षेत्रफळांचें प्रमाण त्यांच्या बाजूंच्या वर्गांच्या प्रमाणाइतकें असतें. निम्म्या खोलीचा त्रिकोण म्हणजे निम्मी शाल नव्हे, तर पाव शाल! १०० ग्रॅमांत पाव शाल झाली होती. तेव्हां सगळीस ४०० ग्रॅमच लागणार होते. टोंकाकडून विणलेल्या त्रिकोणांत निम्मी लोकर संपते ती खोलीच्या सुमारें सात-दशांशावर, म्हणजे ३० इंचांपैकीं २१ इंच झाल्यावर. शेवटचे सहा इंच दिसावयास थोडे. पण तेथें प्रत्येक ओळ लांबच लांब असते, आणि त्यांनाच १५० ग्रॅम लागतात. हा सिद्धांत आम्हीं परीक्षेंत बिनचूक लिहून गुण मिळविले होते. तरी तो लोकरीस लागू आहे हें आमच्या ध्यानांत आलें नव्हतें. मनाला अधिक लागली ती दुसरी गोष्ट. त्याच दोन छटा आम्हीं आरंभींच हिशेब करून वापरल्या असत्या, टोंकाशीं एक पट्टा व वरच्या कडेस एक पट्टा असा योजला असता, तर तोच पिंवळट रंग शालीची शोभा झाला असता. आधीं योजलेला पट्टा म्हणजे नक्षी. नाइलाजानें आलेला पट्टा म्हणजे ठिगळ. आंखणी म्हणजे काय, हें याहून थोडक्यांत आम्हांस सांगतां येणार नाहीं. म्हणून लोकर एकदमच विकत घ्यावी, तिच्या कागदी पट्टीवर रंगाच्या घाण्याचा क्रमांक असल्यास तो सर्व गुंड्यांवर एकच आहे कीं नाहीं तें पाहावें, आणि वस्तू पुरी होईपर्यंत उरलेली लोकर कोणासही देऊं नये.

नक्षीचाही हिशेब असाच. १८ इंच रुंदीच्या लांबट शालीस ९० टाके लागतील. तींत ८ टाक्यांची नक्षी पुन्हां पुन्हां आणावयाची असेल आणि दोन्ही कडांस ३-३ टाके साधे ठेवावयाचे असतील, तर ९० त बसत नाहीं. ८६ किंवा ९४ घ्यावे लागतात. ९४ घेतले तर रुंदी पाऊण इंचानें वाढेल, एवढेंच. जाळीदार वीण पाहून नवशिके घाबरतात. पण तिचें रहस्य सोपें आहे. सुईवर धाग्याचा एक वळसा घेतला कीं छिद्र पडतें व एक टाका वाढतो. जवळच दोन टाके एकत्र विणले कीं एक कमी होतो. वाढ आणि घट सारखी राहिली कीं कापड सरळ राहतें. चौकटींच्या कागदावर फूल काढून तें विणणाऱ्यांनीं मात्र एक ध्यानांत ठेवावें. एक ओळ सुलट व एक ओळ उलट अशा सपाट विणींत इंचास ५ टाके असले तरी ओळी सुमारें ७ भरतात. त्यामुळें १० टाके व १० ओळींचें गोल फूल कापडावर चपटें उतरतें. त्यास १४ ओळी द्याव्या, म्हणजे तें गोल दिसेल.

घरांतील लहान वस्तूंवर हात बसविणें हें सर्वांत उत्तम. वर सांगितलेल्या त्रिकोणाप्रमाणेंच आरंभ करावा, तिरकी कड ८ इंच झाली कीं प्रत्येक ओळीस एक टाका कमी करीत यावें, म्हणजे ८ इंचांचा चौरस तयार होतो. येथें निम्मी लोकर आणि निम्मा चौरस एकाच वेळीं होतात, म्हणून हातांत असलेल्या धाग्याचा मोठ्यांत मोठा चौरस करावयाचा असेल तर निम्मा धागा संपतांच घट सुरू करावी. असा चौरस गरम भांडें ठेवण्यास उपयोगी पडतो; पण तो जाड सुती धाग्याचाच असावा. बाजारांत लोकर म्हणून जें मिळतें तें पुष्कळदां ॲक्रिलिक नांवाचा कृत्रिम धागा असतें. शालीस तें स्वस्त व धुण्यास सोपें, परंतु तापलेल्या भांड्याखालीं तें वितळतें. उशीचा अभ्रा विणतांना तो उशीपेक्षां इंचभर लहान धरावा. विणलेलें कापड ताणून नीट बसतें, आणि मापाइतकाच केला तर लोंबतो.

या मार्गानें जाणारे आपण पहिले नव्हेत. स्कॉटलंडच्या उत्तरेस शेटलंड नांवाचीं बेटें आहेत. तेथील स्त्रियांनीं एकोणिसाव्या शतकांत इतक्या तलम धाग्याच्या जाळीदार शाली विणल्या कीं, भली मोठी शाल लग्नाच्या अंगठींतून ओढून काढतां येई. एलिझाबेथ झिमरमन (१९१०–१९९९) या इंग्लंडांत जन्मून पुढें अमेरिकेंत स्थायिक झालेल्या बाईंनीं १९७४ सालीं प्रसिद्ध केलेल्या पुस्तकांत एक वाटोळी शाल दिली आहे. तिचें सर्व बीज आपल्या पाठ्यपुस्तकांतील वर्तुळाच्या परिघांत आहे. त्रिज्या दुप्पट झाली कीं परीघ दुप्पट होतो. म्हणून मध्यापासून ९ टाक्यांनीं आरंभ करून त्यांचे १८ करावयाचे. ३ फेऱ्यांनंतर ३६, पुढें ६ फेऱ्यांनंतर ७२, १२ फेऱ्यांनंतर १४४, २४ फेऱ्यांनंतर २८८. मधल्या फेऱ्यांत एकही टाका वाढवावयाचा नाहीं. तेथें मनाला येईल ती नक्षी घालावी. गणित ज्यांना रुक्ष वाटतें त्यांनीं ही शाल एकदां विणून पाहावी.

शेवटीं पालकांस एक विनंती. मुलानें किंवा मुलीनें सुया मागितल्या तर तयार नमुन्यांच्या पुस्तकाआधीं एक कोरी वही द्या. तींत लोकरीचें वजन, सुयांचा नंबर, इंचास टाके, आणि धुतलेला तो लहान तुकडा टांचून ठेवूं द्या. चार दिवसांचें काम त्यांनीं उसवलें तर ‘फुकट गेलें’ असें म्हणूं नका. लोकर जागेवरच आहे आणि शहाणपण वाढलें आहे. मुलगा विणावयास बसला तर हसूं नका. युरोपांतील जुन्या शहरांत विणकामाच्या धंद्यांत पुरुषांचे संघ होते.

आणि विद्यार्थ्यांनो, येत्या सुटींत घरांतील ज्या माणसास थंडी अधिक वाजते त्याच्या खांद्याचें माप घ्या. नमुन्याचा तुकडा विणा, धुवा, मोजा, वहींत हिशेब मांडा, आणि मगच शालीचा पहिला टाका घाला. आमच्या हातून जें हिशेबावांचून झालें, तें तुमच्या हातून हिशेबानें होवो.