कॉम्प्युटर हुकलं? मेमरी आहे की!

कॅप राउंडमध्ये कॉम्प्युटर हुकून ई अँड टीसी मिळालं, की घराला सुतकी कळा येते. अशा पालकांनी एवढं ध्यानात घ्यावं: ज्या एआयच्या भरवशावर कॉम्प्युटरचा हट्ट चाललाय, त्याची एक मोठी अडचण मेमरीला लागणारी वीज आहे. आणि ती सोडवायला सर्किट कळणारी माणसं लागतात.

चिप चालताना खर्च होणारी वीज व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. डीडीआर३ मेमरी १.५ व्होल्टवर चालायची, डीडीआर४ १.२ वर आली. बाकी सगळं तेच धरलं तर एवढ्यानेच ३६ टक्के बचत. डीडीआर५ १.१ वर आहे. याच्या खाली उतरणं अवघड, कारण व्होल्टेज घटलं की ट्रान्झिस्टर मंदावतो, आणि त्याचा थ्रेशोल्ड, म्हणजे चालू होण्याचं व्होल्टेज, कमी करावा तर गळती वाढते.

खरी गंमत प्रोसेसरच्या आतल्या मेमरीत, म्हणजे एसरॅममध्ये आहे. प्रोसेसरच्या कॅशमधला एकेक बिट सहसा सहा ट्रान्झिस्टरच्या सेलमध्ये राहतो. असे कितीतरी सेल बिटलाइन नावाच्या तारांच्या एकाच जोडीला लटकलेले. वाचताना ती लांब तार पार शून्यापर्यंत उतरवायची म्हटलं, तर वेळही जातो आणि वीजही. म्हणून सेन्स अँप्लिफायर ठेवतात. दोन तारांत साधारण शंभर मिलिव्होल्टचा फरक पडला की तो निकाल देतो, आणि सेल निवडणारी वर्डलाइन लगेच बंद करता येते. वेग आणि बचत, दोन्ही एकाच युक्तीत! पण अँप्लिफायर जरा आधी चालू झाला तर उत्तरच चुकतं. लाखो सेलमधला सगळ्यात अशक्त सेल किती वेळ घेईल, हा हिशेब डिझायनरला महिनोन्‌महिने पुरतो. ज्याला त्याचा कंटाळा येत नाही त्याने इकडे यावं. नुसतं पॅकेज ऐकून येऊ नये.

गेट परीक्षा देऊन एम.टेक. हा सरळ रस्ता. सी-डॅकचा व्हीएलएसआय डिप्लोमा चांगला, पण त्याचा कल डिजिटलकडे. नोकरीसाठी बंगळुरू-हैदराबादची तयारी ठेवा. गुजरातेत साणंदला असलेला मायक्रॉन या मेमरी कंपनीचा कारखाना जोडणी-चाचणीचा आहे; तिथे सर्किट आखत नाहीत.

महागडा क्लास लावण्याआधी आयआयटी मुंबईच्या फॉसी प्रकल्पाचं ईसिम हे सर्किट सिम्युलेटर उतरवून घ्या. फुकट आहे. सहा ट्रान्झिस्टरचा सेल काढा, व्होल्टेज थोडं थोडं घटवत जा, कुठल्या आकड्याला तो बिट विसरतो ते पाहा, आणि का विसरला हे वहीत लिहा. दुसऱ्या वर्षातल्या मुलामुलींना हे जमतं. कॉलेजात अ‍ॅनालॉग शिकवणारे सर किंवा मॅडम चांगल्या असतील, तर त्यांचा तास तेवढा बुडवू नका.